कांडीतला लाल, ओठांवरचा लाल

हौसेने आणलेली लिपस्टिक ओठांना लावावी आणि आरशात भलताच रंग दिसावा, हा अनुभव बहुतेकांना कधी ना कधी आलेला असतो. कांडीत जांभळट लाल वाटलेली शेड ओठांवर विटकरी दिसते. मैत्रिणीला खुललेला रंग आपल्याला फिका वाटतो. मग ‘मला गडद रंग शोभतच नाहीत’ असे म्हणून ती लिपस्टिक खणात पडून राहते. हे मला फार खटकते, कारण यात चेहऱ्याचा काहीच दोष नसतो. रंगाचा थर किती जाड आहे, त्याच्याखाली काय आहे आणि त्यावर कोणता प्रकाश पडतो आहे, एवढ्यावर सगळे ठरते. रॅम्पवरचे ते धीट, ठसठशीत ओठ घडवणारे कलाकार या तिन्ही गोष्टींवर पकड ठेवून असतात.

आधी थराचे बघू. कांडी म्हणजे रंगाचा भरीव ठोकळा. तिच्यात शिरलेला प्रकाश रंगकणांवर आपटत, विखुरत, शोषला जात परत फिरतो. पलीकडे काय आहे हे त्याला कळतच नाही. ओठांवर हाच रंग मिलिमीटरच्या अगदी लहानशा अंशाइतका पातळ पसरतो. प्रकाश त्यातून आरपार जातो, खालच्या ओठाला भेटतो आणि त्याचा रंग सोबत घेऊन परततो. म्हणजे आपण पाहतो तो लाल रंग लिपस्टिक आणि ओठ या दोघांचा मिळून झालेला असतो. पातळ थरातले हे शोषण आणि विखुरणे गणितात मांडण्याची पद्धत पाउल कुबेल्का आणि फ्रान्झ मुंक यांनी 1931 मध्ये दिली. भिंतीचे रंग, कागद आणि सौंदर्यप्रसाधने अशा सगळ्या ठिकाणी ती आजही वापरतात.

मग थर अपारदर्शक करून टाकला तर? त्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी पूड असते. तिचा अपवर्तनांक, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वळवतो याचे माप, सुमारे 2.6 ते 2.7, तर लिपस्टिकमधल्या तेलांचा 1.5 च्या जवळपास. या तफावतीमुळे प्रकाश जोरात विखुरतो आणि खालचे झाकले जाते. पण ही पूड पांढरी आहे. लाल रंगात ती मिसळली की लालाचा गुलाबी होतो. गडद रंग बनवणाऱ्याची खरी कोंडी इथे आहे. झाकायला पांढरी पूड हवी आणि रंग खोल ठेवायला ती नको. म्हणून गडद लाल, वाइन किंवा जवळजवळ काळ्या शेड्स विखुरण्याऐवजी शोषणाच्या बळावर उभ्या असतात. अशा थरात जाडीचा थोडासा फरकही ठिपक्याठिपक्यांसारखा उघडा पडतो. फिकट शेड घाईत लावली तरी चालून जाते. गडद शेड हातातली सफाई मागते, ती यामुळे.

व्यावसायिक मेकअप आर्टिस्ट ओठांवर आधी थोडे फाउंडेशन किंवा कन्सीलर लावतात, त्याचा अर्थही इथे कळतो. चित्रकार कॅनव्हासला अस्तर देतो तसेच हे. त्यानंतर एक थर, त्यावर टिश्यू दाबून पुन्हा एक थर. टिश्यू मुख्यतः तेल शोषून घेतो, रंगकण बरेचसे जागेवर राहतात, त्यामुळे उरलेल्या थरात रंगाचे प्रमाण वाढते. ही युक्ती मला फार आवडते. यात नवे काही लावावे लागत नाही, असलेल्यातले नको ते काढून घेतले की झाले.

ज्या पृष्ठभागावर हे सगळे चालते तो तर विलक्षण नाजूक. ओठांच्या लालसर भागावरचे आवरण चेहऱ्याच्या इतर त्वचेपेक्षा बरेच पातळ असते. तिथे केस नसतात, घामाच्या ग्रंथी नसतात, त्वचेला रंग देणारे मेलॅनिनही तुलनेने कमी असते. आतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा रंग त्यामुळे बाहेर डोकावतो. या पातळपणाची किंमत अशी की ओठांतून पाणी भराभर उडून जाते. शिवाय बोलताना, हसताना, पाणी पिताना ते सतत ताणले आणि दुमडले जातात. रंग पक्का बसवण्यासाठी याहून अवघड जागा शरीरावर शोधूनही सापडणार नाही.

तरीही माणूस हे काम फार पूर्वीपासून करत आला आहे. आग्नेय इराणमधल्या जिरोफ्तजवळ 2001 मध्ये हलिल नदीच्या पुराने कांस्ययुगातल्या कबरी उघड्या पडल्या. तिथून मिळालेल्या क्लोराइट दगडाच्या एका कोरीव कुपीत गडद लाल पूड होती. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात तिच्यात हेमॅटाइट, मँगनीजची खनिजे आणि वनस्पतिज मेणाचे अंश आढळले. काळ इसवी सनापूर्वी सुमारे 1900 ते 1700. संशोधकांच्या मते ते बहुधा ओठ रंगवायचे प्रसाधन असावे. हेमॅटाइट म्हणजे लोहाचे ऑक्साइड. तेच संयुग आजच्या विटकरी आणि तपकिरी शेड्समध्येही असते. जवळपास 4000 वर्षांनी आपण त्याच खनिजाकडे हात पुढे करतो, हे वाचून मी थोडा वेळ थबकलो होतो.

भडक लाल मात्र लोहातून मिळत नाही. त्यासाठी दीर्घकाळ कोचिनील हा निवडुंगावर जगणारा कीटक कामी आला. त्याच्या वाळलेल्या मादीच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग कार्मिनिक आम्ल असते. त्याला ॲल्युमिनियम आणि कॅल्शियमसोबत बांधले की कार्माइन मिळते. पाण्यात विरघळणारा रंग अशा धातूच्या क्षारांशी जखडून अविद्राव्य केला की त्याला ‘लेक’ म्हणतात. विरघळत नसल्याने तो ओठांच्या बारीक रेषांमधून बाहेर सहज ओघळत नाही. आजचे बहुसंख्य झळाळते लाल आणि गुलाबी रंग कृत्रिम लेकपासूनच बनतात. त्यांचे कण एकमेकांना चिकटून गोळे करतात, म्हणून ते एरंडेल तेलात कालवून एकमेकांवर घासत फिरणाऱ्या तीन रुळांमधून दळले जातात. एरंडेलच का? त्यातल्या रिसिनोलेइक आम्लाच्या साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी, असतो. त्याच्यामुळे तेल दाट होते आणि रंगकणांना नीट भिजवते.

निळे आणि हिरवे ओठ रॅम्पवर अधूनमधून दिसतात. ते बनवणे लाल बनवण्यापेक्षा अवघड आहे, आणि अडचण रसायनापेक्षा परवानगीची जास्त. ओठांवरचे थोडेफार पोटात जातेच. म्हणून अमेरिकेच्या नियमांत अल्ट्रामरीन निळा आणि क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा हे रंग डोळ्यांभोवती चालतात, ओठांसाठी चालत नाहीत. आयशॅडोची पूड बाममध्ये कालवून ओठांना लावायचा सल्ला कुणी दिला, तर डबीवर ‘ओठांसाठी’ लिहिले आहे का ते आधी पाहावे. हस्तकलेची चमकी तर ओठांवर कधीच लावू नये.

आता मेण. मधमाशीचे मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते, तर ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे कार्नोबा मेण 80 अंशांच्या वर. वितळलेले मिश्रण साच्यात थंड होताना मेणाचे सूक्ष्म स्फटिक एकमेकांत गुंतून जाळे विणतात आणि तेल त्या जाळ्यात अडकून राहते. कांडी ओठांवर घासली की जाळे वरच्या वर मोडते आणि तेवढाच थर उतरतो. ती ओठांच्या उबेने वितळते असे वाटते खरे, पण ओठांचे तापमान त्यासाठी पुरेसे नसते. मुख्य काम घासण्याचे. कांडीवर कधी दवासारखे थेंब येतात ते जाळ्यातून सुटलेले तेल.

तेल असले की रंग सरकणार, पेल्याला लागणार. यावर हेझल बिशप या अमेरिकी रसायनतज्ज्ञ बाईंनी घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करून उत्तर शोधले आणि 1950 मध्ये न पुसणारी लिपस्टिक बाजारात आणली. त्यांच्या मिश्रणात इओसिन या लाल रंगाच्या कुळातले ब्रोमीनयुक्त रंग होते. हे रंग त्वचेतल्या प्रथिनांना धरतात, म्हणजे ओठांवर बसण्याऐवजी ओठच रंगवतात. याच कुळातला एक रेणू आम्लधर्मी मिश्रणात जवळजवळ रंगहीन असतो आणि ओठांवर आला की त्याची रचना उघडून तो गुलाबी होतो. ‘मूड’प्रमाणे बदलणाऱ्या लिपस्टिक म्हणून विकतात त्या याच. मनःस्थितीशी त्याचा संबंध नाही.

आजची लिक्विड मॅट लिपस्टिक वेगळ्या वाटेने जाते. तिच्यात आयसोडोडेकेनसारखा झटकन उडून जाणारा द्रव आणि सिलिकॉनची राळ असते. द्रव उडाला की राळ रंगकणांना कवेत घेऊन ओठांवर पापुद्र्यासारखी बसते. पाणी आणि लाळ तिचे काही बिघडवू शकत नाहीत. मात्र नुसती राळ ठिसूळ असते, त्यामुळे हसताच तडे जातात. ते टाळण्यासाठी लवचीक सिलिकॉन मिसळतात. ओठ आधीच कोरडे, सालपटे निघालेले असतील तर पापुद्रा सालपटावर बसतो आणि त्याच्यासोबतच निघून येतो. म्हणून मॅट रंगाची तयारी आदल्या रात्री बाम लावून करावी आणि सकाळी तो पुसून टाकावा.

मॅट आणि ग्लॉसी यांत रंगद्रव्य अगदी एकच असू शकते. गुळगुळीत थर आरशासारखा एका दिशेला प्रकाश परतवतो आणि ओठांवर तो पांढरा ठिपका चमकतो. खडबडीत थर तोच प्रकाश चहूकडे फेकतो. मोत्यासारखी किंवा धातूसारखी झाक हवी असेल तर अभ्रकाच्या पातळ चकत्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोमीटरमध्ये मोजायचे कवच चढवतात. कवचाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात आणि जाडी बदलली की रंग बदलतो. साबणाच्या फुग्यावर नाचणाऱ्या रंगांचे कारणही हेच.

प्रकाशाकडे येतो, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. दिव्याच्या खोक्यावर रंगदर्शनाचा, म्हणजे त्याखाली रंग किती खरे दिसतात याचा, जो सरासरी आकडा छापतात, तो आठ फिकट नमुन्यांवरून काढलेला असतो. गडद लाल नमुना त्यात नसतो. त्याचा वेगळा आकडा असतो, आर-9. निळ्या चिपवर पिवळे फॉस्फर (निळा प्रकाश शोषून पिवळा सोडणारा लेप) असलेल्या साध्या एलईडीच्या प्रकाशात गडद लाल फारच कमी असतो. दिव्यातच लाल कमी, तर ओठ परतवणार काय? म्हणून अशा दिव्याखाली उत्तम लालसुद्धा मेलेला, तपकिरी दिसतो. शेड निवडायची तर खिडकीशी जाऊन निवडावी.

उजेड फार मंद झाला तर डोळाच बदलतो. दिवसा आपली दृष्टी 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिरवट पिवळ्याला सर्वांत संवेदनशील असते. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी 500 नॅनोमीटरच्या आसपास झुकतात आणि लालाला जवळजवळ दाद देत नाहीत. पहाटेच्या उजेडात लाल फुले काळपट दिसतात हे बोहेमियाचे शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी 19व्या शतकात नोंदवले. मूकपटांच्या सुरुवातीच्या काळातली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मही लालाला अशीच आंधळी होती. तिच्यावर लाल ओठ काळे उमटत, म्हणून नटनट्यांचा मेकअप वेगळ्या रंगांत करावा लागे.

मग डोळ्यांना धीट रंग इतका का खेचून घेतो? शेजाऱ्यामुळे. 19व्या शतकात पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपट विणणाऱ्या कापडाच्या कारखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. रंगशाळेचे प्रमुख मिशेल शेव्हरल यांनी तपासले, तर धाग्याच्या रंगात खोट नव्हती. बाजूच्या धाग्यांमुळे तो तसा भासत होता. या निरीक्षणांवरचा त्यांचा ग्रंथ 1839 मध्ये आला. गडद ओठांमध्ये दात उजळ दिसतात तेही शेजारामुळे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रसेल यांनी 2009 मध्ये मांडले की डोळे-ओठ आणि भोवतालची त्वचा यांच्यातला उजेडाचा फरक सरासरीने स्त्रियांच्या चेहऱ्यात जास्त असतो आणि नेहमीचा मेकअप नेमका तोच वाढवतो. रॅम्पवर हा फरक लांबच्या प्रेक्षकाला आणि कॅमेऱ्याला दिसेल इतका ताणलेला असतो. आरशापासून हातभर अंतरावर तो अंगावर येतो, यात नवल नाही.

रॅम्पवरच्या युक्त्यांमध्ये अलीकडे मला सर्वांत जास्त भावली ती जानेवारी 2024 मधली. पॅरिसमध्ये सेन नदीवरच्या अलेक्झांडर तिसरा पुलाखाली मेझाँ मार्जिएला या फॅशन संस्थेच्या शोमध्ये मॉडेल्सचे चेहरे चिनी मातीच्या बाहुल्यांसारखे लकाकत होते. मेकअप पॅट मॅकग्रा यांचा. पील-ऑफ मास्क पाण्याने पातळ करून एअरब्रशने थरावर थर फवारले होते, हे त्यांनी नंतर दाखवले. अशा मास्कमध्ये बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल असते. पाणी उडाले की त्याचा सलग, गुळगुळीत पडदा बनतो आणि त्वचेची छिद्रे व खळगे भरून एकसंध चकाकी येते. ग्लॉसी ओठांचे भौतिकशास्त्र त्यांनी पूर्ण चेहऱ्यावर नेले.

रॅम्पवरच्या ओलसर, चापून बसवलेल्या केसांचीही गोष्ट तीच. केसाचा अपवर्तनांक 1.55, हवेचा 1, पाण्याचा 1.33. केसांमधल्या हवेची जागा पाण्याने किंवा जेलने घेतली की तफावत घटते, विखुरणे कमी होते आणि केस गडद दिसतात. वळण बसते ते केराटिन या केसांतल्या प्रथिनामधल्या हायड्रोजन बंधांमुळे. पाण्याने आणि उष्णतेने ते सुटतात, सुकताना नव्या जागी जुळतात. स्प्रेचे थेंब जिथे दोन केस एकमेकांना ओलांडतात तिथे जाऊन बसतात आणि वाळून सांधा पक्का करतात. हवेत दमटपणा असला की हे बंधही सुटतात आणि स्प्रेमधला चिकट पॉलिमरही मऊ पडतो. ओल्या केसांवर तापलेली इस्त्री मात्र फिरवू नये. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच तुटतो.

लिपस्टिकमधल्या शिसे या धातूबद्दल नेहमी विचारले जाते. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 400 लिपस्टिक तपासल्या तेव्हा सरासरी दहा लाख भागांत 1.11 भाग आणि जास्तीत जास्त 7.19 भाग शिसे आढळले. खनिज रंगांसोबत ते अशुद्धी म्हणून येते. पुढे 10 भागांची मर्यादा सुचवली गेली. नामांकित नसलेल्या, घटकांची यादी न छापलेल्या डब्या टाळाव्यात असे मी म्हणतो ते यासाठी.

शो संपल्यावर हे सगळे उतरवण्याचा क्रमही रसायनाप्रमाणेच चालतो. सिलिकॉनचा पापुद्रा पाण्याला दाद देत नाही. तेलाचे बोट त्यावर ठेवून अर्धा मिनिट थांबावे, मग हलकेच पुसावे. कोरड्या कापसाने घासले तर ओठच सोलवटतात. चेहऱ्यावरचा पडदा कडेने धरून सोलता येतो. केसांतला पॉलिमर आधी पाण्याने भिजवून, मऊ पडल्यावरच धुवावा. तोवर कंगवा लावू नये.