मनाची निगा (गोवा)

झोप, चालणे, वेळेवरचे जेवण, माणसांत ऊठबस आणि हौसेचे एखादे काम नेमाने सांभाळून मन सुदृढ राखणे, म्हणजे मनाची निगा. मन ताळ्यावर आले की सवयी आपोआप लागतात, असा समज आहे. पुष्कळदा घडते उलटे: आधी हात हलतो, मन मागाहून येते. या उलट्या क्रमाची रीतसर परीक्षा गोव्यात झाली.

नैराश्य आले की माणूस एकेक काम सोडत जातो. तुळशीला पाणी घालायचे राहते, बल्कांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीत) बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलणे थांबते, गुरुवारचे भजन चुकते. काम सुटले की त्यातला बारीकसा आनंदही जातो, मन आणखी खचते आणि पुढचे काम सुटते. हे चक्र कामाच्या बाजूने तोडण्याच्या पद्धतीला वर्तन-सक्रियीकरण म्हणतात. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगात’ या संस्थेने (कोकणीत अर्थ सोबत; संस्थापकांत डॉ. विक्रम पटेल) गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती राबवली. रुग्ण १८ ते ६५ वयाचे, नैराश्य बऱ्यापैकी तीव्र. समुपदेशक मात्र मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. या कामासाठी शिकवून तयार केलेली साधी माणसे होती. ६ ते ८ बैठकांत रुग्णाबरोबर बसून सुटलेली कामे शोधायची आणि त्यांतले एखादे पुन्हा धरायचे, एवढाच गाभा. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेल्या निष्कर्षांनुसार ३ महिन्यांनी या गटातल्या १०० पैकी ६४ जणांची लक्षणे ओसरली होती, केवळ केंद्रातल्या डॉक्टरांचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ होते. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता.

यात खुबी आहे ती काम लहान ठेवण्याची. ‘उद्यापासून रोज तासभर चालेन’ हा संकल्प चौथ्या दिवशी मोडतो. नाक्यापर्यंत जाऊन पाव घेऊन येणे टिकते, कारण पोदेर (पाववाला) आपल्यासाठी थांबत नाही.

गोव्याच्या गावगाड्यात असे नेम पूर्वीपासून आहेत, फक्त त्यांना कोणी आरोग्य म्हणत नाही. जत्रेच्या मराठी नाटकाची तालीम घ्या. जेवणे उरकली की देवळाच्या मंडपात माणसे जमतात. दिवसभर दुकानात तराजू धरणारा रात्री संभाजी होतो. वेळ ठरलेली, पाठांतराचा व्यायाम आणि कोणीतरी आपली वाट पाहते आहे ही जाणीव, तिन्ही एका ठिकाणी. एक नट आला नाही तर प्रवेश अडतो, म्हणून कोणीतरी त्याच्या दारात जाऊन हाक मारतेच. मोबाइलमधली घंटा हे काम करीत नाही.

‘सुशेगाद’ हा शब्द मात्र जपून वापरावा. पोर्तुगीज ‘सोसेगादु’वरून आलेल्या या शब्दाचा अर्थ निवांत, स्वस्थचित्त, जाहिरातींनी त्याचा आळस करून टाकला. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासाची असेल तर तरतरी देते, दोन तासांची झाली की रात्रीची झोप खाते.

नेम वाईटही असतो. रोज दिवेलागणीला तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) बसणे हीदेखील सवयच, आणि तिथे सोबत असते म्हणून ती सोडणे अवघड. ‘संगात’ने दारूच्या आहारी जाणाऱ्या पुरुषांसाठीही अशाच छोट्या समुपदेशनाची चाचणी घेतली आहे.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळली, झोप-भूक उडाली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर सवयींच्या भरवशावर थांबू नये. पणजीजवळ बांबोळीला ‘आयपीएचबी’ (इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्यूमन बिहेवियर) ही सरकारी मानसोपचार संस्था आहे. तिची सुरुवात आबे फारियांच्या नावाच्या रुग्णालयातून झाली. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेल्या याच फारियांनी पॅरिसमध्ये असे मांडले होते की, संमोहनाचे बळ संमोहकात नसते, समोरच्याच्या मनात असते. एवढ्या लांब जाणे होत नसेल, तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते.