अ‍ॅपल पाई: सगळा पाण्याचा हिशेब

करंजीच्या पिठात मोहन पुरेसं पडलंय का, हे पाहायची आपल्या घरांत एक जुनी खूण आहे. पीठ मुठीत दाबायचं. मुटका वळला तर मोहन बरोबर. अ‍ॅपल पाईच्या आवरणाचं अर्धं विज्ञान त्या मुटक्यात आहे.

मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायाडिन ही प्रथिनं असतात. पाणी घालून पीठ मळलं की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनचं चिवट जाळं तयार होतं. पोळीला ते हवंच, पाईला नको. तूप किंवा लोणी पिठाला चोळलं की प्रथिनांपर्यंत पाणी कमी पोचतं, जाळं तुटक राहतं आणि पदार्थ खुसखुशीत होतो.

पण मोहन आपण कडकडीत घालतो आणि पाईसाठी बटर लागतं फ्रीजमधलं, थंडगार. गरम तूप पिठाच्या कणाकणाला लागतं. थंड बटरचे वाटाण्याएवढे तुकडे मात्र पिठात तसेच राहतात आणि लाटताना त्यांच्या पातळ चकत्या होतात. बटरमध्ये साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो आणि 16 टक्क्यांच्या आसपास पाणी. ओव्हनच्या उष्णतेनं त्या पाण्याची वाफ होते, आकारमान दीड हजार पटींहून जास्त वाढतं आणि ती वाफ पिठाचे थर एकमेकांपासून उचलते. तुपात पाणी जवळपास नसतंच. त्यामुळे नुसतं तूप चोळून केलेली पाई खुसखुशीत होते, पण तिला असे पापुद्रे सुटत नाहीत. (चिरोट्याला सुटतात, ते साटा लावून घड्या घातल्यामुळे.)

बटर 35 अंशांच्या आसपास जवळजवळ पूर्ण वितळतं. मे महिन्यात आपलं स्वयंपाकघर त्याहून थंड असेलच असं नाही! एकदा भर दुपारी लाटायला बसले आणि पोळपाटावर नुसता चिकट लगदा उरला. तेव्हापासून मी मैदासुद्धा फ्रीजमध्ये ठेवते.

सर्वांत सोपी पाई साच्याशिवाय होते. फ्रान्समध्ये तिला गॅलेट म्हणतात. 200 ग्रॅम मैद्यात 120 ग्रॅम बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी चुरडा आणि चार-पाच चमचे बर्फाचं पाणी शिंपडून गोळा करा. मळू नका. मीठ असलेलं बटर असेल तर वेगळं मीठ नको. गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवा. तेवढ्यात ओलावा पिठात सारखा मुरतो, ताणलेलं ग्लुटेन सैलावतं आणि लाटलेली पारी आखडत नाही.

आता सफरचंद. त्यात सुमारे 85 टक्के पाणीच. तीन सफरचंदांच्या फोडींना चार-पाच चमचे साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस चोळून अर्धा तास ठेवा. साखर फोडींतलं पाणी बाहेर ओढते; तो रस वेगळा आटवून परत घातला की तळाचा चिखल होत नाही. लिंबामुळे फोडी काळ्या पडत नाहीत, हे ठाऊक असतं. पण आम्लाचं आणखी एक काम आहे. वरणात चिंच आधी घातली तर डाळ शिजत नाही, हे प्रत्येक घरात माहीत असतं. पेशींना सांधून ठेवणारं पेक्टिन आंबट वातावरणात सहज विरघळत नाही, म्हणून आंबट सफरचंदाच्या फोडी भाजल्यावरही फोडीच राहतात. गोड, भुसभुशीत सफरचंदाचा मुरंबा होतो. पाईसाठी करकरीत आणि आंबटसरच निवडा.

फोडींना दीड चमचा कॉर्नफ्लोअर लावा, लाटलेल्या पारीच्या मधोमध रचा, कडा आत दुमडा आणि 200 अंशांवर 40 ते 45 मिनिटं भाजा. कडा सोनेरी झाल्या म्हणून घाईनं बाहेर काढू नका. मधला रस बुडबुडायला हवा. कॉर्नफ्लोअरचे कण साधारण 65 ते 70 अंशांना पाणी पिऊन फुगतात आणि रस दाटतो, पण ही उष्णता मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

पाई बाहेर आली की घरभर वास सुटतो आणि सगळे ताटल्या घेऊन येतात. तरीही निदान दोन तास सुरी लावू नका. गरम असताना कॉर्नफ्लोअरच्या स्टार्चमधला अमायलोज (लांब साखळ्यांसारखे रेणू) रसात मोकळा फिरत असतो. निवताना त्याच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात, त्यांच्या जाळ्यात पाणी अडकतं आणि कापलेल्या तुकड्यातून रस वाहत नाही.