गधेगाळ

गधेगाळ : दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणारा कोरीव दगड. गद्धेगळ, गाढवगाळ अशीही नावे आहेत. असे दगड कोकण, पश्चिम महाराष्ट्र आणि गोव्यात आढळतात. त्यांचा काळ साधारणपणे अकरावे ते सोळावे शतक असा धरला जातो. उभ्या शिळेच्या माथ्यावर चंद्र-सूर्य, मध्ये दानलेख आणि तळाशी स्त्री व गाढव यांच्या समागमाचे शिल्प अशी नेहमीची मांडणी असते. चंद्रसूर्य असेपर्यंत दान चालावे, हा वरच्या चिन्हांचा अर्थ. काही शिळांवर लेख नसतो, नुसते शिल्प असते.

नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे लावतात. ‘गाळ’ म्हणजे गाळी, शिवी, हे एक मत. दुसऱ्या मतानुसार मूळ शब्द ‘गळ’ असून तो कन्नड ‘कल्लु’ (दगड) यापासून आला. वीरगळ (कन्नड वीरगल्लु) आणि गाय-वासराचे चित्र असलेला धेनुगळ या जोडशब्दांकडे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र पुढे लोकांच्या कानाला ‘गाळ’च ऐकू येऊ लागला असावा. दगडावर प्रत्यक्ष शिवीच कोरलेली असल्याने तसे होणे स्वाभाविक होते.

सर्वांत जुना गधेगाळ म्हणून अलिबागजवळच्या आक्षीच्या शिळेचा उल्लेख होतो. तिच्यावरील मराठी लेखात ‘पश्चिमसमुद्राधिपती’, ‘कोंकणचक्रवर्ती’ शिलाहार घराण्यातील राजा केशिदेव आणि त्याचा महाप्रधान भइर्जू सेणुई यांची नावे आहेत. कालोल्लेखाचे एक वाचन शके ९३४ (इ. स. १०१२) असे आहे, तर दुसरे शके ११३२ (इ. स. १२१०). केशिदेव नावाचे दोन राजे झाले, आणि वाद तेथूनच सुरू होतो. पहिल्याचा, म्हणजे अरिकेसरीचा, ठाणे ताम्रपट शके ९३९ चा आहे, तर दुसऱ्याचा चौधरपाडा लेख शके ११६१ चा. संवत्सराचे नाव ‘प्रधावी’ असे वाचले जाते. ते ‘परिधावी’ मानल्यास दक्षिणी गणनेनुसार शके ९३४ शी तंतोतंत जुळते; शके ११३२ ला प्रमोद संवत्सर येतो. म्हणून येथे पहिल्या वाचनाला झुकते माप दिले आहे. हे वाचन मान्य झाल्यास आक्षीचा लेख मराठीच्या आद्य कोरीव लेखांत जाऊन बसतो.

अपरादित्य शिलाहाराचा परळचा लेख (इ. स. ११८७) भाषेच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. दानाचा मजकूर संस्कृतात आहे, पण शाप मराठीत. शासन (दानाज्ञा) लोपणाऱ्यावर ‘श्रीवैद्यनाथ देवाची भाल सकुटुंबीआ पडे’ असे म्हटल्यावर त्याच्या आईला गाढवाची शिवी दिली आहे. संस्कृत ताम्रपटांतला शापश्लोक भूमी हरणारा साठ हजार वर्षे विष्ठेतला किडा होईल असे बजावतो. त्याचा धाक संस्कृत जाणणाऱ्यांपुरता. मराठी शाप ऐकणाऱ्या कोणालाही कळे, आणि खालचे चित्र पाहायला तर अक्षरओळखही लागत नसे.

शिल्पाच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत. शिल्पातील स्त्री म्हणजे भूमी असून, दान मोडल्यास ती नापीक होईल असे हे सुचवते, असे काही अभ्यासक मानतात. जमिनीवर गाढवाचा नांगर फिरवणे ही उद्ध्वस्त करण्याची खूण होती. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुण्यावर तो फिरवला. हा अन्वय आकर्षक आहे, पण शापवचने उघडपणे अपराध्याच्या आईचे नाव घेतात. लेखांचाच आधार घ्यायचा तर शिल्पातील स्त्री ती आईच ठरते. दान मोडणार पुरुष आणि विटंबना मात्र त्याच्या घरातील स्त्रीची, ही यातली क्रूरता प्रतीकार्थाच्या आड झाकू नये.

शिलाहारांनंतरही ही प्रथा टिकली. अलिबागजवळच्याच नागावच्या लेखात (शके १२८९, प्लवंग संवत्सर) शकाबरोबर हिजरी सनही दिला आहे. मराठेशाहीच्या दानपत्रांत हिंदूला गाईची आणि मुसलमानाला सोराची (डुकराची) शपथ घातलेली आढळते; शाप चित्रातून शब्दांत आल्याची ती खूण मानता येईल.

देवळाच्या आवारात, वेशीबाहेर, शेताच्या बांधावर हे दगड अजून उभे आहेत. काही गावांत त्यांना शेंदूर फासून देव मानतात, तर काही ठिकाणी अशुभ समजून त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. शेंदराच्या जाड पुटाखाली मूळ अक्षरे बुजून जातात. ठसा घेण्यापूर्वी गावकऱ्यांच्या संमतीने ती पुटे अलगद सोडवावी लागतात.