गडद निळ्या वॉलपेपरने खोली तापते?

‘गडद निळा वॉलपेपर लावला की खोलीची भट्टी होते’ असं काहींना वाटतं. शंका रास्त आहे, गडद रंग उष्णता जास्त शोषतो. पण त्यासाठी त्यावर ऊन पडायला हवं. सांगलीत एप्रिलमध्ये घर तापतं ते मुख्यतः स्लॅब आणि पश्चिमेची भिंत बाहेरून तापल्यामुळे.

खात्री करायचीय? ऊन न येणाऱ्या भिंतीवर निळी आणि पांढरी चादर शेजारी-शेजारी टांगा. दुपारी दोन्हींवर तळहात ठेवा, फरक जाणवणार नाही. उजेड मात्र कमी होतो, एखादी ट्यूब जास्त लागेल.

माझ्या मते खरी काळजी ओलीची. पावसाळ्यात भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. मागे थेंब दिसले तर आधी ओल काढा, रंग नंतर निवडा.