ब्रेक किंचाळतो तेव्हा पॅडची पाठ बघा

पिकअपच्या पुढच्या चाकातून कर्कश आवाज येतोय, कुणीतरी चाकाच्या फटीतून डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीवर, तेलकट स्प्रे मारतो आणि आवाज गायब! असे व्हिडिओ मोबाइलवर सर्रास फिरतात. आवाज जातो हे खरं, पण त्याच्यासोबत ब्रेकही जातो. डिस्कला चिमटून गाडी थांबवणारा पॅड सच्छिद्र असतो, तो तेल पिऊन घेतो. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाट उतरणाऱ्या गाडीवर असा प्रयोग करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

या उपायामागचा समज असा, की घासलं म्हणून आवाज झाला, तर घासणं कमी करा. पण घासणं हेच तर ब्रेकचं काम! किंचाळी येते ती डिस्क आणि पॅड थरथरल्यामुळे. याची परीक्षा कानानेच होते. ब्रेक दाबून गाडी हळू होत असताना नीट ऐका. वेग उतरला तरी आवाजाची पट्टी जवळजवळ तीच राहिली, तर तो कंपनाचा आवाज. चाकाच्या फेऱ्यांबरोबर खर्र-खर्र संथ होत गेली, तर पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत असेल किंवा मध्ये खडा अडकला असेल. काही पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते. पॅड 2-3 मिलिमीटर उरला की ती डिस्कला लागते आणि मुद्दाम चिरका आवाज करते. तेव्हा पॅड बदलायचे, दुसरा विचार करायचा नाही.

आता आकडे बघा. मालासह 3 टनांची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून 5 सेकंदांत थांबवली, तर सव्वाचार लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणजे सरासरी 83 किलोवॅट. आणि त्यातला फक्त एक मिलिवॅट ध्वनीत गेला, तरी मीटरभर अंतरावर 80 डेसिबलच्या आसपास आवाज भरतो. त्यातून ही किंचाळी बहुधा काही हजार हर्ट्झची, जिथे आपला कान सर्वांत तिखट. म्हणून आवाज मोठा म्हणजे बिघाडही मोठा, असं मुळीच नाही.

पण कंपन सुरू होतं कसं? व्हायोलिनचा गज तारेला धरतो, ओढतो, तार निसटते, पुन्हा धरली जाते. गजाने वाजणाऱ्या तारांच्या याच यांत्रिकीवर सी. व्ही. रामन यांचा प्रबंध कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सने 1918 साली छापला. ब्रेकचंही हेच कारण बराच काळ सांगितलं जाई. गाडी अगदी हळू सरकताना येणारी घरघर त्याने समजते. तीव्र किंचाळीचं मर्म मात्र आणखी खोल आहे, आणि मला ते विलक्षण सुंदर वाटतं.

डिस्कला तिची स्वतःची कंपनं असतात. ती किंचित आत-बाहेर वाकते. पॅडची आपली वेगळी कंपनं, फिरण्याच्या दिशेने मागे-पुढे. समजा, डिस्क मायक्रोनभर पॅडकडे फुगली. दाब वाढला, म्हणून घर्षणही वाढलं. घर्षणाने पॅड पुढे ओढला, पण त्याची पाठ कॅलिपरने, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याने, धरलेली असल्याने तो थोडा कलंडला. त्याची एक कड डिस्कमध्ये रुतली आणि तिने डिस्कला परत ढकललं. दोन्ही कंपनांच्या वारंवारिता लांब असतील तर हे धक्के अवेळी पडतात आणि विरतात. त्या जवळ आल्या, की घर्षण दोघांना एकाच वारंवारितेत बांधतं. मग धक्का नेमका अशा वेळी पडतो, की प्रत्येक आवर्तनात चाकाच्या फिरण्यातली थोडी ऊर्जा कंपनात जमा होते. गणितात सांगायचं तर ताठरतेचा मॅट्रिक्स, म्हणजे कुठलं सरकणं कुठे किती बल उठवतं याचा तक्ता, सममित राहत नाही. विमानाच्या पंखाचं धोकादायक फडफडणं याच जातीच्या गणिताने समजतं. घर्षण गुणांक अगदी स्थिर असला तरी हे घडू शकतं!

डिस्क बिडाची करतात त्याचा इथे फायदा होतो. बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्या कंपन गिळतात. उरलेलं काम पॅडच्या पाठीवर करायचं.

गाडी सपाट जागी लावा, मागच्या चाकांना दगड लावा, नट जमिनीवरच सैल करा, मग जॅक. नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड हवाच. एका वेळी एकच चाक उघडा, म्हणजे जोडणी विसरली तर दुसरं बघता येतं. कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबू देऊ नका, तारेने बांधा. पॅड तिरका झिजला असेल तर कॅलिपरच्या पिना बहुधा अडकल्या आहेत. त्या पुसून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पाठीवरच्या शिमा, म्हणजे रबराचा थर दिलेले पातळ पत्रे, गंजल्या किंवा सुटल्या असतील तर नव्या घाला. पिस्टन टेकतो तिथे आणि पॅडच्या कानांना ब्रेकच्या ग्रीसचा पातळ थर, घासणाऱ्या बाजूला थेंबही नको. चकाकी आली असेल तर ती बाजू पॉलिश पेपरने घासा, कडा थोड्या तिरक्या करा. डिस्कही ब्रेक क्लीनरने पुसा. धूळ हवेने कधीही उडवू नका, जुन्या पॅडमध्ये फुफ्फुसांना घातक अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

चाक बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. हे विसरलात तर पहिला ब्रेक लागणारच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरवरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा हळू व्हा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या.

आवाज आला की नजर लागली म्हणत लिंबू-मिरची बदलणारे मला अजून भेटतात. ‘सिरॅमिक पॅड घाला, आवाज संपला’ हे सांगणंही तितकंच भाबडं आहे. एका गाडीत गप्प असलेला पॅड दुसरीत किंचाळतो, कारण वाजते ती पूर्ण जोडणी.

पावसाळी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना येणारा आवाज डिस्कवरच्या गंजाच्या पापुद्र्याचा असतो, तो आपोआप जातो. पेडल खाली बसत असेल, गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा चाकाच्या आत ब्रेक ऑइल दिसलं, तर घरी काही उघडू नका, मेकॅनिकला बोलवा. मागच्या ड्रममधले लायनर आणि स्प्रिंगाही सराव नसताना काढायच्या नसतात.