अन्नॲलर्जी आणि शाळेतील डबा

एखाद्या पदार्थातील प्रथिनाला शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते, ती अन्नॲलर्जी. असे मूल शाळेत निर्धोकपणे जेवावे म्हणून घर आणि शाळा मिळून जी काळजी घेतात, तिचा विचार या नोंदीत केला आहे.

घरात याला ‘वावडे’ म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. दुधाने पोट बिघडणे हे बहुधा दुग्धशर्करा न पचल्यामुळे होते. त्यात त्रास असतो, पण ते जिवावर बेतत नाही. ॲलर्जीत मात्र एका घासानंतर काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, श्वास अडकतो. ‘पित्त उठलंय’ म्हणून आमसूल चोळत बसण्यात नेमका मोलाचा वेळ जातो.

मराठी डब्यात सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे दाण्याचा कूट. चिक्की दिसते, लाडू ओळखू येतो. पण काकडीच्या कोशिंबिरीतला, भरल्या वांग्याच्या रसातला कूट डोळ्यांना दिसत नाही. भाजल्याने किंवा शिजवल्याने त्यातले ॲलर्जी आणणारे प्रथिन नाहीसे होत नाही. ज्या भांड्यात कूट केला त्याच भांड्यात न धुता चटणी वाटली, तरी ती चटणी या मुलासाठी दाण्याचीच. लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलातही प्रथिनाचा अंश राहतो. रिफाइंड तेलात तो फारच कमी असतो.

धोका बहुतेक वेळा मुलाच्या स्वतःच्या डब्यात नसतो, तो शेजारच्या डब्यात असतो. मधल्या सुट्टीची अंगतपंगत ही आपल्या शाळांतली फार सुंदर गोष्ट आहे. ॲलर्जी असलेल्या मुलाला त्यासाठी कोपऱ्यात एकटे बसवणे हा उपाय नव्हे, ती शिक्षा आहे. त्याला पंगतीतच बसवावे, घास मात्र घरच्याच डब्यातला असावा, आणि हे सगळ्या वर्गाला मोकळेपणाने सांगावे. जेवणानंतर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. सॅनिटायझरने दाण्याचे प्रथिन जात नाही.

विकतच्या खाऊच्या वेष्टनावर दूध, अंडी, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबीसारखे कवचधारी जीव, शेंगदाणे, काजू-बदाम यांचा उल्लेख भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. त्या यादीत तीळ नाहीत. अमेरिकेत १ जानेवारी २०२३पासून तिळाचाही उल्लेख सक्तीचा झाला. संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटताना हे लक्षात ठेवायला हवे.

शालेय पोषण आहारात सगळ्यांसाठी एकच खिचडी शिजते. महाराष्ट्रात २०२३च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे, असे ठरले. ही विभागणी आवडीनिवडीची आणि घरच्या रीतीची होती. अंडी खाणाऱ्या घरातल्या ॲलर्जीच्या मुलाचे नाव वेगळे नोंदवावेच लागते.

जपानमध्ये डिसेंबर २०१२मध्ये तोक्योजवळच्या चोफू शहरात दुधाची ॲलर्जी असलेली पाचवीतली मुलगी शाळेच्या जेवणानंतर दगावली. पहिल्यांदा तिला चीज नसलेले धिरडे वाढले होते. तिने पुन्हा मागितले तेव्हा चीजचे वाढले गेले. असा झटका आवरणारे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन शाळेत असूनही द्यायला उशीर झाला. २०१५मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे काढली: पदार्थ द्यायचा तर पूर्ण द्यायचा, नाहीतर अजिबात नाही, ‘थोडेसे चालेल’ हा मधला मार्ग बंद.

तीव्र झटक्यावर खरा उपाय एकच: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. परदेशी शाळांत मिळणारे या इंजेक्शनचे तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा, ती कोण देणार आणि कधी, हे प्रवेशाच्या वेळीच कागदावर ठरवावे. मुलाला चालवू नये. आडवे करून पाय उंच ठेवावेत, धाप लागत असेल तर बसू द्यावे, आणि १०८ला फोन करावा. बरे वाटले तरी काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो, म्हणून मुलाला घरी न पाठवता रुग्णालयात देखरेखीखाली ठेवतात.