जनुक संपादनाच्या शेअरवर पैसे लावावेत का?

8 डिसेंबर 2023 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिकलसेलच्या रुग्णांसाठी ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला मंजुरी दिली. जनुक हव्या जागी कात्रीसारखे कापणाऱ्या क्रिस्पर तंत्राने जनुकात बदल करणारा हा तिथला पहिलाच मंजूर उपचार होता आणि ब्रिटनने त्याला तीन आठवडे आधीच मान्यता दिलेली होती. त्या दिवशी हा उपचार विकसित करणाऱ्या क्रिस्पर थेरप्युटिक्स या कंपनीचा शेअर उसळला असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात तो घसरला. जानेवारी 2021 मध्ये, विकायला एकही औषध हाती नसताना, याच शेअरने 200 डॉलरच्या वरचा भाव पाहिला होता. मंजुरीच्या दिवशी त्याच्या जेमतेम एक तृतीयांश भाव उरला होता. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत नीटसाठी जीवशास्त्र पाठ केलेली आणि आता मोबाईलवरून अमेरिकी शेअर घेऊ शकणारी तरुण मंडळी या कंपन्यांची चौकशी करू लागली आहेत. त्यांनी पैसे लावण्यापूर्वी ही विसंगती समजून घ्यायला हवी.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्याने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. कॅसजेव्ही हे बिघडलेले अक्षर दुरुस्त करत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचे असते आणि जन्मानंतर ‘बीसीएल11ए’ हे जनुक त्याचे उत्पादन जवळपास बंद पाडते. कॅसजेव्हीमध्ये रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींतील या जनुकाचा नियंत्रक भाग कापला जातो, त्यामुळे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते आणि पेशी वाकण्याचे प्रमाण घटते. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी 2012 मध्ये या कात्रीची रीत दाखवली आणि 2020 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. नोबेलनंतर अवघ्या तीन वर्षांत रुग्णापर्यंत पोहोचलेले हे विज्ञान अस्सल आहे, याबद्दल शंका नको.

अडचण पुढे सुरू होते. रुग्णाच्या मूळपेशी यंत्राद्वारे रक्तातून वेगळ्या काढायच्या, आणि हे बऱ्याचदा एकाहून अधिक वेळा करावे लागते. त्या कारखान्यात पाठवून काही महिने वाट पाहायची. नंतर बुसल्फान या केमोथेरपीच्या औषधाने अस्थिमज्जेतल्या जुन्या पेशी नष्ट करायच्या, संपादित पेशी शिरेवाटे सोडायच्या आणि त्या रुजेपर्यंत काही आठवडे रुग्णालयात काढायचे. या औषधाने वंध्यत्वाचा धोका असतो, त्यामुळे तरुण रुग्ण आधी दहा वेळा विचार करतात. अमेरिकेत या उपचाराची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे 18 कोटी रुपये ठरली. मंजुरीनंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षात, 2024 मध्ये, विक्री सुमारे 1 कोटी डॉलरची झाली. हिशेब केला तर ही पाचेक रुग्णांचीच किंमत होते. शिवाय जो नफा होईल त्यातले 60 टक्के भागीदार व्हर्टेक्स कंपनीचे आहेत, कारण क्रिस्पर थेरप्युटिक्सने 2021 मध्ये 90 कोटी डॉलर घेऊन आपला वाटा कमी करून घेतला. मला तो सौदा शहाणपणाचा वाटतो, पण शेअर घेणाऱ्यांपैकी किती जणांनी तो वाचलेला असतो?

या क्षेत्रातल्या बहुतेक कंपन्यांकडे विकण्याजोगे औषधच नसते. दर तिमाहीला संशोधनावर रोकड खर्च होते आणि ती संपत आली की नवे शेअर काढून पैसा उभारला जातो, त्यामुळे जुन्या भागधारकाचा हिस्सा आपोआप लहान होतो. माणसांवरच्या पहिल्या चाचणीत उतरलेल्या औषधांपैकी साधारण दहात एकच औषध मंजुरीपर्यंत पोहोचते. इंटेलिया कंपनीच्या उपचारात जनुक थेट शरीरात, यकृतामध्ये संपादित केले जाते. ऑक्टोबर 2025 मध्ये एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाल्याने तिच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या आणि शेअर एकाच दिवसात 40 टक्क्यांहून अधिक कोसळला. व्हर्व्ह या कंपनीची गोष्ट निराळी आहे. कोलेस्टेरॉल कायमचे उतरवण्याचे तिचे काम आशादायक होते, म्हणूनच 2025 मध्ये एली लिली या बड्या औषध कंपनीने ती विकत घेतली. तरीही 2021 च्या पहिल्या विक्रीत 19 डॉलरला शेअर घेतलेल्याच्या हाती 10.50 डॉलर आले आणि अटी पूर्ण झाल्या तर वर फार तर 3 डॉलर.

हे आपल्याकडे अगदीच नवे नाही. जालन्याच्या महिकोने मोन्सॅन्टोच्या साथीने आणलेल्या बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली. ते जनुक संपादन नव्हे, बाहेरचे जनुक घातलेले वाण होते. पण काही वर्षांत मराठवाड्यातले जवळजवळ सगळे कापसाचे शिवार बीटीचे झाले. तंत्रज्ञान याहून अधिक काय यशस्वी व्हायचे! मात्र सुरुवातीला 1,600 रुपयांच्या आसपास असलेले 450 ग्रॅमचे पाकीट 2006 मध्ये आंध्र सरकारच्या तक्रारीनंतर 750 रुपयांवर आले, 2015 मध्ये केंद्राने दर ठरवणारा आदेश काढला आणि 2020 मध्ये तंत्रज्ञानाचे शुल्क शून्यावर आणले. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, गुलाबी बोंडअळीने दरम्यान आपले काम केलेच, आणि तंत्रज्ञानाच्या मालकाची कमाई आटली. माणसांच्या औषधांच्या बाबतीत सरकारे आणि विमा कंपन्या याहून मवाळ वागतील, असे मानायला मला आधार दिसत नाही.

म्हणून माझे मत असे की हा सट्टा आहे, आणि सगळी बुडाली तरी घरखर्चाला किंवा पेरणीला धक्का लागणार नाही एवढ्याच रकमेचा तो असावा. एकाच कंपनीवर भिस्त ठेवण्यापेक्षा चार-पाच कंपन्यांत रक्कम वाटावी. घेण्यापूर्वी निदान दोन आकडे पाहावेत: शिल्लक रोकड किती आणि तिमाहीचा खर्च किती. दोन वर्षांहून कमी काळ पुरेल एवढीच रोकड असेल, तर नवे शेअर येणार हे गृहीत धरावे. परदेशी शेअर विवरणपत्रात दाखवावे लागतात, दोन वर्षांनंतर विकल्यास नफ्यावर 12.5 टक्के कर बसतो आणि रुपये-डॉलरच्या अदलाबदलीतही काही टक्के जातात.

भारतातही हालचाल आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने सिकलसेलसाठी ‘बिरसा 101’ हा क्रिस्परवर आधारित उपचार तयार केला असून नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आल्याचे जाहीर झाले. परदेशी उपचारापेक्षा तो पुष्कळ स्वस्त करण्याचा त्यामागे उद्देश आहे. किनवट-माहूरच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण आहेत, आणि चाचण्या यशस्वी झाल्या तर त्यांच्या आवाक्यात येण्याची शक्यता याच उपचाराला अधिक आहे. सीरम मात्र शेअर बाजारात नोंदलेली कंपनी नाही, त्यामुळे या उपचारावर पैसे लावण्याची सोय कोणत्याही ॲपवर नाही.